चांदणी लावलेला शब्द

मित्रांनो, मी जुना आहे यात वाद नाही, पण किती जुना ते मला विचारू नका. माझा जन्म कुणी पाहिला नाही. मला कुणी दगडावर कोरलं नाही की कातड्यावर लिहिलं नाही. मी एक शब्द आहे आणि माझ्या डोक्यावर एक चांदणी आहे. तुम्हाला वाटेल, काय थाट आहे! थाट कसला, डोंबलाचा! शब्दकोश करणाऱ्यांची ती एक रीत आहे. एखादा शब्द कुठेच लिहिलेला सापडत नाही, पण त्याची मुलंबाळं आणि नातवंडं पाहून 'यांचा बाप असा असा असणार' असं ठरवावं लागतं. अशा शब्दाच्या आधी ते लोक एक बारीकशी चांदणी छापतात. चांदणीचा अर्थ एवढाच, की हा आमचा अंदाज आहे, याला आम्ही पाहिलेलं नाही.

माझं नाव *पीयोस. काहीजण मला *प्वीयोस म्हणतात. त्यांचं अजून एकमत झालेलं नाही आणि माझी काही तक्रार नाही. कशीही हाक मारा, मी ओ देतो. लॅटिन बोलणारे लोक आणि त्यांचे भाषाभाऊ वेगळे व्हायच्या आधी त्यांच्या पूर्वजांची एक भाषा होती. अभ्यासक तिला इटालिक म्हणतात. त्या घरातला मी. जो माणूस देवाशी, आईवडिलांशी, आपल्या माणसांशी नीट वागतो, जे करायचं ते चुकवत नाही, त्याच्यासाठी मला वापरत. तुमच्या भाषेत मला एका शब्दात मांडणं अवघड आहे. भाविक म्हणावं तर आईबाप बाहेर राहतात. कर्तव्यदक्ष म्हणावं तर माया बाहेर राहते.

माझी मुलं मात्र नशीबवान निघाली. थोरला लॅटिनमध्ये गेला, 'पिउस' झाला, आणि त्याची चंगळ झाली. पुढे तर राजेमहाराजांनी त्याला नावापुढे पदवी म्हणून लावलं, नाण्यांवर ठोकलं. धाकटी मुलं शेजारच्या भाषांत राहिली. ती काशाच्या पत्र्यांवर कोरलेली सापडली, 'पिहाज' आणि 'पिहोम' अशी. माझी काही नातवंडं दूरच्या भाषांत जाऊन दयेचा शब्द झाली, काही सोवळ्याचा आव आणणाऱ्यांना चिडवण्याचा शब्द झाली. लेकरांचं कौतुक झालं की मला बरं वाटतं. पण त्या कौतुकात म्हाताऱ्याला कोण विचारतं? शतकानुशतकं मला कुणी आठवलंसुद्धा नाही. आणि आठवलं तेव्हा पहिलाच प्रश्न आला, तू कुणाचा?

मला आठवत नाही हो! खरंच आठवत नाही. अगदी लहानपणचं काही कुणालाच आठवत नाही, तसंच माझं झालंय. म्हणूनच पुढची गोष्ट घडली, आणि ती सांगताना अजूनही माझा जीव कासावीस होतो.

एका शहरात शब्दकोशाचं कार्यालय होतं. तिसऱ्या मजल्यावर लांबलचक खोली, भिंतीभर लाकडी खण, खणांत जाड कागदाच्या चिठ्ठ्या. खिडकीशी एक टेबल होतं, त्यावर भिंग आणि डिंकाची बाटली. त्या टेबलापाशी सर बसायचे. सगळेच त्यांना सर म्हणत. मी शब्द असल्यामुळे मला दार लागत नाही. जिथे कुणी माझा विचार करतं तिथे मी असतो, आणि सर माझा विचार जेवताना, चालताना, दाढी करतानासुद्धा करायचे.

सरांची आई ते रांगत असतानाच गेली. त्यांना वडिलांनी एकट्याने वाढवलं. वडील एका गोदामाचे रखवालदार होते. रात्रभर पहारा करून सकाळी घरी यायचे, पोराची वेणीफणी नसली तरी न्हाऊमाखू घालून शाळेत पाठवायचे आणि मग आडवे व्हायचे. सर शिकले, विद्वान झाले, आणि कोशात माझी नोंद लिहायची पाळी आली त्याच वर्षी वडील गेले. तेव्हा सरांच्या मनाने घेतलं की मी 'पा' या धातूतून आलो. 'पा' म्हणजे रक्षण करणं, राखणं. आईबापांशी निष्ठेने वागायला सांगणारा शब्द राखणदाराच्या घरातूनच आलेला असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं.

दुसरीकडचे अभ्यासक तेव्हाही वेगळं सांगत होते. ते म्हणत, हा 'पू' धातूचा, म्हणजे धुणं, स्वच्छ करणं. तुमचे 'पावन', 'पुनीत', 'पवित्र' आहेत ना, ते याच घरातले. सरांनी ते ऐकूनच घेतलं नाही. उलट त्यांनी अशी एक गोष्ट केली, जी फक्त कोशकारच करू शकतो. 'पा'पासून माझ्यापर्यंत यायला मधे एक रूप त्यांनी स्वतः रचलं होतं. रचलेल्या रूपाला चांदणी लागतेच. पण छापायच्या दिवशी सरांनी ती खोडली. "मला शंकाच नाही, मग चांदणी कशाला?" म्हणाले. झालं! मला चांदणी आणि ज्याला आजवर कुणी बघितलं नाही त्या माझ्या मानलेल्या बापाला नाही. वाचणाऱ्याला वाटावं, हा कुठेतरी लिहिलेला सापडला असणार. मी आपला नव्या बापाचं बोट धरून गप्प उभा राहिलो. बाप मिळाला म्हणून, खरं सांगू, थोडा सुखावलोसुद्धा.

वर्षं गेली. सर निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर त्यांची लेक आली. तिला सगळे ताई म्हणत. ताई बापासारखीच चिकट, पण आवाज मऊ. कोशाची नवी आवृत्ती निघायची होती. जुन्या नोंदी तपासता तपासता ती माझ्यापाशी आली, आणि तिने काशाच्या पत्र्यांची छायाचित्रं टेबलावर पसरली. माझी धाकटी मुलं काय बोलतात ते तिने कान देऊन ऐकलं. 'पिहाज' म्हणत होता, मी शुद्ध केलेला, ज्याचा दोष धुऊन टाकलाय असा. राखणदारीचं तो चकार शब्द बोलत नव्हता. 'य'च्या शेजारी राहून 'ऊ'ची 'ई' होते हेही तिने पडताळून पाहिलं. संगतीचा परिणाम शब्दांवरही होतो, मित्रांनो. मग तिने भिंग खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

कारण घरी सर अंथरुणाला खिळलेले होते. झटका आला होता. उजवा हात लुळा पडला होता आणि आठवणी एकेक करून निसटत चालल्या होत्या. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नव्हतं. पण एक गोष्ट पक्की होती. ताई घरी आली रे आली की ते विचारायचे, "माझा शब्द जागेवर आहे ना?"

"आहे, बाबा," ताई म्हणायची. 'माझा शब्द' म्हणजे त्यांनी रचलेलं ते 'पा'चं रूप, आणि तोवर ते खरं होतं.

आता ती प्रमुख संपादकांकडे गेली. ते सरांचेच विद्यार्थी, भला माणूस, पण भीडस्त. तिने पुरावा मांडला तशी ते चष्मा पुसत बसले.

"तुझं बरोबर आहे ग," ते म्हणाले. "मलाही कधीचं माहीत आहे. पण सर आहेत तोवर राहू दे ना. पुढच्या आवृत्तीत बघू."

"पुढची आवृत्ती निघेल तेव्हा आपण दोघं असू का? तोवर शाळेतल्या पोरांनी चुकीचं शिकायचं?"

"मग तूच ठरव. पानं या आठवड्यात छापखान्यात जाणार. माझ्या हाताने मी सरांची नोंद खोडणार नाही."

बघा, म्हणजे सगळं तिच्याच गळ्यात. आणि नोंद कुणाची, तर माझी! आईबापांशी नीट वागावं असं सांगणाऱ्या शब्दाची. खोडावं तर बापाचं मन मोडतं, न खोडावं तर खोटं छापलं जातं. मी कोणत्या बाजूला उभं राहायचं ते मलाच कळेना. एवढी शतकं लोकांना वाट दाखवली म्हणून मिरवलो, आणि माझ्याच दारात ही पोरगी अडकली तेव्हा माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.

घरात सरांची थोरली बहीण होती, ताईची आत्या. जिभेने तिखट, मनाने लोणी. ताईने तिच्यापाशी मन मोकळं केलं तेव्हा ती दूध गाळत होती.

"अग, काय खोडायचं ते खोड तिकडे," आत्या म्हणाली. "पण त्याला कशाला सांगतेस? आहे म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. तो काय उठून बघायला येणार आहे?"

"मी त्यांच्याशी कधी खोटं बोलले नाही, आत्या."

"हो ग बाई, सत्यवादी तू! लहानपणी बरणीतली साखर कोण फस्त करायचं? मुंग्या?"

ताई हसली आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याने गाळणी तशीच ठेवली आणि तिला जवळ घेतलं.

शेवटी ताईने सांगायचं ठरवलं. सर कधीकधी अगदी लख्ख असायचे, तशी एक सकाळ होती. पलंगाजवळ खुर्ची ओढून तिने सगळं सांगितलं. पत्रे, 'पिहाज', 'पू', सगळं. सरांनी मधे दोनदा पुरावा विचारला आणि तिने दिला. जुना मास्तर जागा झालेला पाहून मला क्षणभर वाटलं, सुटलो बुवा. पण मग त्यांनी छताकडे नजर वळवली.

"मग माझ्या बापाचं काय?" ते म्हणाले.

त्या गोदामाच्या दाराशी उभा असलेला तो माणूस कोणत्याही शब्दकोशात नव्हता. फक्त माझ्या नोंदीत, एका चुकीच्या धातूच्या आडोशाला, लेकाने त्याला जागा दिली होती. आणि आता त्याच्या नातीने ती जागा काढून घ्यायची होती.

सरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ताईने ऑफिसात जाऊन नोंद बदलली.

त्यानंतर घरात जे दिवस गेले ते आठवले की मला नकोसं होतं. एरवी सगळं विसरणारे सर हे मात्र विसरले नाहीत. ताईने दूध दिलं की तोंड मिटायचे, आत्याने दिलं की घ्यायचे. ताईशी हूं की चूं नाही. त्यातच त्यांना आंघोळ घालायला येणारा माणूस बायकोच्या बाळंतपणासाठी गावाला गेला. आत्याच्या हातात आता एवढं बळ नव्हतं. सर लेकीला अंगाला हात लावू देईनात. आयुष्यभर टापटीप राहिलेला माणूस तो, लेकीसमोर उघडं पडायची त्यांना लाज वाटत होती. खोलीत कोंदट वास भरला. चादर बदलायची तर त्यांना हलवायचं कुणी?

एका दुपारी त्यांचं अंथरूण भिजलं आणि आता लपवता येईना. ते डोळे घट्ट मिटून पडून राहिले. ताई आत आली. तिने खिडकी अर्धी लोटली, गरम पाण्याचं घमेलं आणलं, गार पाणी घातलं आणि कोपर बुडवून पाहिलं. आणखी थोडं गार घातलं. पुन्हा कोपर बुडवलं.

"राहू दे," सर पुटपुटले. किती तरी दिवसांनी तिच्याशी बोललेला तो पहिला शब्द.

"पाणी कोमट आहे, बाबा."

तिने एका चादरीखाली दुसरी सरकवली, त्यांना कुशीवर वळवलं, ओलं काढून घेतलं. अंग झाकलेलं ठेवून एकेक भाग उघडत, पुसत, कोरडा करत ती खाली येत गेली. पाठ, मग बगला, मग पाय. बोटांच्या बेचक्यातला मळ तिने अंगठ्याने हळू काढला. आधी सरांचं सगळं अंग ताठ होतं. मग कधीतरी त्यांनी सुस्कारा सोडला आणि लुळा हात आपण होऊन तिच्यापुढे केला. दुसऱ्या हाताने उचलून पुढे केला, म्हणजे किती कष्टाने ते बघा.

मी तिथेच होतो. घमेल्यातल्या पाण्याचा आवाज ऐकताना मला असं काही वाटलं की सांगता येत नाही. वाटलं, मी इथूनच आलो असेन. असंच कुणीतरी कुणाचं तरी अंग धूत असेल आणि कुणाच्या तरी तोंडून मी निघालो असेन. पुरावा काही नाही. चांदणी लावा हवी तर.

"हा हात असाच धुवायचे ते," सर अचानक म्हणाले. "ड्युटीवरून आले की. पेंगत असायचे, पण आधी मला धुवायचे."

"कोण, आजोबा?"

"मग दुसरं कोण?" मग त्यांच्या आवाजात जुनी जरब आली. "तुझ्या धातूला चांदणी आहे का?"

"आहे, बाबा."

"आणि माझ्याला?"

ताई टॉवेल हातात धरून थांबली. "नव्हती. तुम्ही काढली होतीत."

"लाव," सर म्हणाले.

ताई दुसऱ्या दिवशी छापखान्यात धावली. पान यंत्रावर चढायच्या बेतात होतं. जागा नाही म्हणून प्रमुख संपादक कुरकुरले, पण या वेळी तिचा आवाज मऊ नव्हता. मागे पडलेलं मतही नोंदीच्या शेवटी बारीक अक्षरांत द्यायची कोशाची रीत आहे, ती फक्त सरांच्याच नोंदीला का लागू नाही, असं तिने विचारलं. संपादकांनी चष्मा पुसला आणि एका ओळीची जागा काढून दिली. आता माझ्या नोंदीत वर 'पू' आहे, धुणारा. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, डोक्यावर चांदणी घेऊन तो 'पा'चा राखणदार उभा आहे. चुकीचा आहे, पण हाकलून दिलेला नाही.

तुम्हाला वाटेल, गोड झालं. पण तसं झालं नाही. सरांचं विसरणं वाढत गेलं आणि त्यात ती दुपारही वाहून गेली. कोश छापून घरी आला, तो त्यांच्या उशाशी ठेवला, पण त्यांना वाचता येईना. संध्याकाळी ताई आली की पुन्हा तेच, "माझा शब्द जागेवर आहे ना?" पहिल्यांदा तिने सगळं खरं सांगितलं. आणि ते पुन्हा पहिल्यासारखेच दुखावले, पुन्हा म्हणाले, "मग माझ्या बापाचं काय?" दुसऱ्या दिवशीही तेच. एकच जखम रोज नव्याने करायची, हे कुणाला बघवेल? आत्या म्हणाली, "आता तरी हो म्हण ग बये!" ताई त्या दिवशी जेवली नाही.

पुढच्या संध्याकाळी ती घमेलं घेऊनच खोलीत आली. सरांनी विचारलं. तिने त्यांचा हात पाण्यात घेतला.

"आहे, बाबा. जागेवर आहे. खाली, दाराशी. चांदणी लावून."

"चांदणी?" सरांच्या कपाळाला आठी पडली. "ती कुणी लावली?"

"तुम्हीच सांगितलीत."

सरांनी विचार केला. आठवत तर काही नव्हतं. पण लेक हात धूत होती, आणि पाणी कोमट होतं.

"बरं केलं मी," ते म्हणाले.

आता रोज असंच चालतं. ते रोज विचारतात, ती रोज सांगते, आणि त्यातला एकही शब्द खोटा नाही. काही दिवशी त्यांची आठी जात नाही. तेव्हा ती नुसता हात धरून बसते, आणि मीही तिथेच बसून असतो.

मित्रांनो, मला राजांनी मिरवलं, नाण्यांवर माझी लेकरं चमकली, पण मी खरोखर कशाला म्हणतात ते मला त्या घमेल्यापाशी समजलं. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस तेच तेच विचारत असेल, तर वैतागू नका. उत्तर द्या, आणि खरंच द्या. पण द्यायच्या आधी एकदा कोपर बुडवून बघा. तेवढं केलंत, तर माझ्या डोक्यावरची चांदणी जन्मभर राहिली तरी माझी काही तक्रार नाही.